मुंबई बाहेर गेली, आता बघायचं कशाला?

२ जून २०२५ च्या सकाळी माझ्या फोनवर तीन ग्रुपवर एकच वाक्य येऊन पडलं होतं : ‘चला, आयपीएल संपली.’ एक ग्रुप कॉलेजचा, एक ऑफिसचा, एक सोसायटीतल्या बॉक्स क्रिकेटवाल्यांचा. आदल्या रात्री अहमदाबादला पावसामुळे दोनेक तास उशिरा सुरू झालेल्या दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पंजाब किंग्जनं मुंबई इंडियन्सच्या २०३ धावा एक ओव्हर राखून पार केल्या होत्या. फायनल ३ जूनला होती. म्हणजे आयपीएल संपलेली नव्हती. दहा टीम, सत्तरच्या वर सामने, मार्चपासून चाललेलं रामायण, आणि हे सगळं ज्या एका सामन्यासाठी असतं तोच तेवढा शिल्लक होता. पण आमच्या लोकांनी लंकेच्या वेशीवरूनच परत फिरायचं ठरवलं.

या वाक्याचा मला राग येतो. हरल्याचं दुःख मी समजू शकतो, ते मलाही होतं. पण दुःख झालेला माणूस गप्प बसतो, फार तर दोन शिव्या घालतो. ‘संपली’ म्हणणारा माणूस वेगळंच काही सांगत असतो. त्याचं म्हणणं असं की, माझं गिऱ्हाईकपण ज्या दुकानात नोंदवलेलं आहे ते दुकान बंद झालं, तेव्हा बाजारच उठला.

‘संपली’वाल्यांचा एक चुलतभाऊ आहे. तो टीव्ही बंद करत नाही. तो बघतो, पण कुणीतरी हरावं म्हणून बघतो. २०२५ ला त्याला बंगळुरू हरायला हवी होती, कारण अठरा वर्षं चाललेला विनोद बंद पडला तर पुढच्या वर्षी मीम कशावर करायचे? याला मी क्रिकेट बघणं म्हणत नाही. शेजाऱ्याच्या लग्नात जेवण कसं होतं हे सांगायला जाणारे लोक असतात, त्यातला हा प्रकार.

आता ते वाक्य जरा सुटं करून बघू. ‘मुंबई बाहेर गेली.’ कोण बाहेर गेलं?

त्या रात्री निळ्या जर्सीत खेळलेल्यांमध्ये, इम्पॅक्ट प्लेअर धरून, मुंबईकडून रणजी खेळणारे किती होते? दोन. रोहित शर्मा आणि सूर्यकुमार यादव. बाकीच्यांत नमन धीर आणि अश्वनी कुमार होते. हे दोघे देशांतर्गत क्रिकेट पंजाबकडून खेळतात. आणि समोर पंजाबच्या लाल जर्सीत कॅप्टन कोण? श्रेयस अय्यर. शिवाजी पार्क जिमखान्यात प्रवीण आमरेंच्या हाताखाली तयार झालेला, मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजी फायनलच्या दुसऱ्या डावात ९५ काढून मुंबईला बेचाळिसावी रणजी मिळवून देणाऱ्यांतला एक. त्यानं ४१ चेंडूंत नाबाद ८७ केल्या. बुमराचा पायात आलेला यॉर्कर त्यानं बॅट शेवटच्या क्षणी खाली आणून थर्ड मॅनला चौकारासाठी असा काही काढला, की त्या एका फटक्यासाठी शिवाजी पार्कात त्याचा नारळ-शाल देऊन सत्कार व्हायला हरकत नव्हती. सामना संपवला तो अश्वनी कुमारच्या ओव्हरमध्ये चार सिक्स मारून. पंजाबच्या पोराला मुंबईच्या पोरानं मारलं, आणि आपण म्हणालो, मुंबई हरली.

मुंबई इंडियन्सवर प्रेम करू नका असं मी म्हणत नाहीये. मीही करतो. २०१९ च्या फायनलला मलिंगानं शेवटच्या चेंडूवर एलबीडब्ल्यू घेतला तेव्हा मीही हॉस्टेलच्या कॉटवर उभा राहून ओरडलो होतो. आऊट झालेला फलंदाज पालघरचा शार्दूल ठाकूर होता, ही गोष्ट त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. फ्रँचायझीवरचं प्रेम असंच असतं. लिलावात हातोडा पडतो, आणि कालचा आपला आज परका होतो. ठीक आहे, नियम माहीत असताना खेळायला हरकत नाही. पण लिलावानं ठरवलेली निष्ठा इतकी पवित्र मानायची, की ती बाहेर पडल्यावर क्रिकेटकडेच पाठ फिरवायची? हे कुणी शिकवलं आपल्याला?

शिकवलं तर आहेच. ‘पलटन’ म्हणून आपल्याला हाक मारतात, जर्सीवर आपलं नाव छापून देतात, सीझन संपला की ‘पुढच्या वर्षी परत येऊ’ असं काळं-पांढरं रील टाकतात. तुमचं क्रिकेट आणि त्यांचा सीझन एकच आहेत असं तुम्हाला वाटत राहणं यात त्यांचा धंदा आहे. धंदा त्यांनी जरूर करावा. मी स्वतः आयटीत आहे, युजरला ॲपमध्ये धरून ठेवण्यासाठी काय काय करतात ते आम्हाला रोज बघावं लागतं. पण युजरनं स्वतःहून असं मानायला लागणं, की ॲप बंद म्हणजे फोन बंद, हे जरा जास्तच झालं.

डिसेंबर २०२४ मध्ये सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीची फायनल झाली, तीही टी-ट्वेंटीच. मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश, बंगळुरूचं चिन्नास्वामी. मुंबईचा कॅप्टन श्रेयस अय्यर, समोरचा कॅप्टन रजत पाटीदार. मुंबई जिंकली. सहा महिन्यांनी आयपीएलच्या फायनलला टॉससाठी कोण उभे होते? श्रेयस अय्यर आणि रजत पाटीदार. तेच दोघे. पहिला सामना आमच्या तीन ग्रुपांपैकी एकावरही कुणी काढला नाही, आणि दुसऱ्याच्या आधी आयपीएल ‘संपली’ होती. मग आपण मुंबईचे फॅन म्हणजे नेमके कशाचे फॅन?

यावर समोरून येणारा मुद्दा मला माहीत आहे, आणि तो फालतू नाही. बाजूच नसेल तर मॅचमध्ये जीव कसा येणार? छातीत धडधड व्हायला आपलं काहीतरी पणाला लागलेलं असावं लागतं. नाहीतर तो नुसता टाइमपास. तटस्थ प्रेक्षक नावाचा जो सद्गृहस्थ असतो, दोन्ही बाजूंच्या चांगल्या फटक्यांना टाळ्या वाजवणारा, त्याच्याशेजारी बसून मॅच बघायला मलाही आवडणार नाही.

पण तटस्थ राहा असं कोण म्हणतंय? बाजू घ्याच. फक्त त्या संध्याकाळपुरती घ्या. पहिल्या ओव्हरला घेतली आणि दहाव्या ओव्हरला बदलली तरी चालेल. कारण काहीही असू दे. बंगळुरूचा जितेश शर्मा अमरावतीचा आहे, एवढं कारण मला ३ जूनला पुरलं होतं. त्यानं दहा चेंडूंत २४ मारल्या तेव्हा मी त्याच्यासाठी बसलो होतो. नंतर अय्यर एका धावेवर गेला तेव्हा पंजाबसाठी वाईट वाटायला लागलं. शेवटच्या ओव्हरला २९ हव्या होत्या, गोलंदाज हेझलवूड. पहिले दोन चेंडू कोरे गेले, म्हणजे सामना गेल्यात जमा. बाउंड्रीवर कोहलीच्या डोळ्यांत पाणी. आणि हिशेब मिटलेला असताना शशांक सिंगनं उरलेल्या चार चेंडूंवर सहा, चार, सहा, सहा मारले. पंजाब सहा धावांनी हरली. म्हणजे त्या दोन कोऱ्या चेंडूंतला एक जरी सीमेपार गेला असता तर? कुणाच्याही बाजूनं नसलेला माणूस त्या दोन मिनिटांत दोन्ही बाजूंनी असतो. आपली टीम खेळत असताना हे सुख मिळत नाही, कारण तेव्हा समोरच्याचा सिक्स हा सिक्स नसतो, ती आपली जखम असते.

‘पणाला लागलेलं काहीतरी’ हवं म्हणणाऱ्या बऱ्याच मित्रांनी मधली काही वर्षं त्याची वेगळीच सोय लावली होती. मुंबई बाहेर गेली की फॅन्टसी टीम लावायची. मग लखनऊ-हैदराबाद सामनाही बोटं चावत बघितला जायचा, कारण कुणीतरी तिसऱ्या स्लिपला कॅच घेतला तर आठ पॉइंट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, ड्रीम-इलेव्हनचं नाव भारतीय टीमच्या जर्सीवरून उतरलं, आणि ती सोय गेली. कायदा बरा की वाईट हा वाद इथे नको. मला एवढंच दिसलं की पैसे काढून घेतल्यावर अनेकांना सामन्यात बघण्यासारखं काही उरलंच नाही.

हिशेबाचा आणखी एक प्रकार आम्हा इंजिनिअर मंडळींत फार चालतो. टीम पूर्ण बाहेर जाण्याआधीचा आठवडा हा नेट रन रेटचा सण असतो. २०२१ ला मुंबईला शेवटच्या साखळी सामन्यात हैदराबादला १७० हून जास्त धावांनी हरवायचं होतं. आमच्या बॅचमेटांनी त्यासाठी एक्सेल शीट बनवल्या होत्या. अबू धाबीत इशान किशननं ३२ चेंडूंत ८४ ठोकल्या, सूर्यानं ४० चेंडूंत ८२, एकूण २३५. हैदराबादनं ६५ ओलांडल्या क्षणी एक्सेल बंद, टीव्ही बंद. मुंबईनं तो सामना ४२ धावांनी जिंकला. जिंकलेला सामना अर्ध्यात सोडणारे प्रेक्षक जगात आणखी कुठे असतील?

जगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या प्रोजेक्टवर क्लायंटच्या बाजूला एक सिॲटलचा माणूस आहे, पन्नाशीचा. त्याची बेसबॉलची टीम मरिनर्स. १९७७ पासून खेळतेय आणि वर्ल्ड सिरीजला एकदाही पोहोचलेली नाही. त्यांच्या सगळ्या लीगमध्ये असं नशीब असलेली ती एकमेव टीम. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती एका पावलावर आली. सातवा, निर्णायक सामना टोरंटोला, सातव्या इनिंगपर्यंत ३-१ ने पुढे. मग जॉर्ज स्प्रिंगरचा एक फटका, तीन धावा, ४-३, खेळ खलास. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर आम्ही त्याचा विषय टाळला, घरात कुणी गेल्यावर टाळतात तसा. आठवड्याभरानं त्यानं आपणहून सांगितलं की तो वर्ल्ड सिरीज बघतोय. ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्या टोरंटोचीच. मी विचारलं, त्यांनी हरावं म्हणून? तो म्हणाला, नाही, ते किती चांगले होते ते मला बघायचंय.

मला हे उत्तर फार आवडलं. आपण ज्यांच्याकडून हरलो ते पुढे काय करतात हे न बघणं म्हणजे आपली हार अर्धी वाचून पुस्तक मिटणं. टोरंटो शेवटी सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगला ५-४ अशी लॉस एंजेलिसकडून हरली. आपल्याकडे तेव्हा २ नोव्हेंबरची सकाळ होती, आणि त्याच संध्याकाळी माझ्या घरापासून चार किलोमीटरवर नेरूळला आपल्या मुलींची वर्ल्ड कप फायनल होती.

पण मला ज्या सीझनबद्दल खरं सांगायचंय तो रणजीचा, २०२४-२५ चा. फेब्रुवारीत नागपूरला सेमीफायनलमध्ये विदर्भानं मुंबईला ८० धावांनी हरवलं. तिथे तर खरोखरची मुंबई हरली. ‘रणजी संपली’ असं कुणी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण ती सुरू होती हेच कुणाला माहीत नव्हतं. आणि मुंबई बाहेर गेल्यावरच त्या सीझनमधलं सगळ्यात भन्नाट क्रिकेट दिसलं.

केरळ कधीही रणजीच्या फायनलला गेलेलं नव्हतं. क्वार्टर फायनल पुण्याला, जम्मू-काश्मीरविरुद्ध. पहिल्या डावात जम्मू-काश्मीर २८०, केरळ २८१. ही एक धावेची आघाडी मिळाली आणि सामना अनिर्णित ठेवून केरळ पुढे गेलं. सेमीफायनल अहमदाबादला गुजरातशी. केरळ ४५७. शेवटच्या दिवशी गुजरातची शेवटची जोडी, तीन धावा केल्या की आघाडी त्यांची. अर्झान नागवासवालानं जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला वाकून उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आपटला, हवेत उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात. गुजरात ४५५. दोन धावा. दोन महिने खेळून एक राज्य एक धाव अधिक दोन धावा अधिक एक हेल्मेट एवढ्या भांडवलावर फायनलला गेलं. वाशी-नेरूळ पट्ट्यात राहणाऱ्या कुणाच्याही मजल्यावर एक तरी मल्याळी घर असतंच. त्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन विचारायला हवं होतं, बघितलंत का? मी विचारलं. शेजारच्या काकांनीही बघितलं नव्हतं. मग मी त्यांना तो कॅच फोनवर दाखवला, पाच वेळा.

तो कॅच ज्याच्या चेंडूवर गेला तो गोलंदाज आदित्य सरवटे. नागपूरचा. २०१८-१९ ला विदर्भानं रणजी जिंकली तेव्हा फायनलचा मानकरी तोच होता. त्या वर्षी तो केरळकडून खेळत होता. त्यामुळे फायनलला काय झालं बघा : नागपूरच्या जामठ्याच्या मैदानावर सरवटे केरळसाठी विदर्भाविरुद्ध गोलंदाजी करतोय, आणि विदर्भासाठी समोर उभा आहे करुण नायर, ज्याला कर्नाटकानं सोडलं आणि जो नागपुरात येऊन धावांच्या राशी ओततोय. दानिश मालेवार नावाच्या नागपूरच्या पोरानं १५३ केल्या. नायर पहिल्या डावात ८६ वर रन आऊट, दुसऱ्यात १३५. केरळकडून सचिन बेबी ९८ वर गेला. तो आऊट झाला तेव्हा आघाडी हाताशी दिसत होती. केरळ ३७ धावांनी मागे राहिलं, सामना अनिर्णित, ट्रॉफी विदर्भाची, तिसऱ्यांदा. पाच दिवस मी स्क्रीनच्या कोपऱ्यात तो सामना चालू ठेवून काम करत होतो. आता सांगा, या सामन्यात ‘आपली’ टीम कुठली होती? मुंबईला हरवणारी? शेजारच्या काकांची? की सरवटे जिच्यासाठी खेळत होता ती? तीनही उत्तरं मी वेगवेगळ्या दिवशी दिली, आणि एकाही दिवशी कंटाळा आला नाही.

खरं तर नवी मुंबईकरांना हे कुणी शिकवायची गरज पडायला नको. आमच्या शहराला स्वतःची टीम नाहीच, ना रणजीत, ना आयपीएलमध्ये. सिडकोनं आखलेल्या या गावात मूळचे आगरी-कोळी सोडले तर आपण सगळे कुठून ना कुठून आलेले, आणि ‘मुंबई’ हा शब्द पुढे ‘नवी’ लावून उसना घेतलेला. तरी फायनली मात्र आमच्या दारात होतात. पहिल्या आयपीएलची फायनल १ जून २००८ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. दोन्ही सेमीफायनल वानखेडेवर, फायनल नेरूळला, आणि मुंबई पाचवी येऊन घरी बसलेली. राजस्थान विरुद्ध चेन्नई, कुणाचंच इथे काही नाही. १६४ चं लक्ष्य, युसूफ पठाणच्या ५६, आणि शेवटच्या चेंडूवर सोहेल तन्वीर आणि शेन वॉर्न धावले ती धाव. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी खाली खेळताना भांडण केलं ते सचिन कोण होणार यावर नाही, युसूफ कोण होणार यावर. मुंबई बाहेर गेलीय म्हणून खेळायचं नाही, ही अक्कल आम्हाला तेव्हा आलेली नव्हती.

आणि ज्या फायनलबद्दल मी लोकांना सगळ्यात जास्त छळतो ती फुटबॉलची. जानेवारी २०२२, महिलांचा एशियन कप, यजमान भारत. पहिला सामना इराणशी बरोबरीत. २३ जानेवारीला तैवानविरुद्ध टीममध्ये कोविड इतका पसरला, की नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ मुलीही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही, भारत स्पर्धेतून बाद, आधीचा निकालही रद्द. स्वतःच्या घरातल्या स्पर्धेत यजमानांचं नावच पुसलं गेलं. त्यानंतर ती स्पर्धा इथल्या बातम्यांतून गायब झाली.

फायनल ६ फेब्रुवारीला, डी. वाय. पाटीलला, चीन विरुद्ध दक्षिण कोरिया. त्या दिवशी सकाळी लता मंगेशकर गेल्या होत्या, संध्याकाळी सगळ्यांचे डोळे शिवाजी पार्ककडे लागले होते, आणि ते साहजिकच होतं. हाफटाइमला कोरिया २-० ने पुढे होती. उत्तरार्धात चीनला पेनल्टी मिळाली, २-१. चार मिनिटांत २-२. आणि नव्वद मिनिटं होऊन गेल्यावर, भरपाईच्या वेळेत, शियाओ युयी नावाच्या बदली खेळाडूनं तिसरा गोल केला. नेरूळ स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर.